मागे राहिलेली पट्टी

आजचा भाग एका लोखंडी पट्टीबद्दल आहे. थांबा, हेडफोन काढू नका, गोष्ट भारी आहे.

१७ जानेवारी १९९४, पहाटे ४ वाजून ३१ मिनिटं. लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. पूल कोसळले, घरं पडली, पण वेल्डिंगने जोडलेल्या स्टीलच्या सांगाड्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. स्टील वाकेल पण तुटणार नाही, अशी इंजिनिअर लोकांची खात्रीच होती. मग खोटं छत काढून, आगरोधक लेप खरवडून पाहिलं, तर १०० हून जास्त इमारतींत बीम आणि कॉलमचे सांधे चिरलेले! बाहेरून कित्येक इमारती ठणठणीत दिसत होत्या.

आता हा सांधा समजून घेऊ. मी बीटेकच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलंय ते मार्कांपुरतं, त्यामुळे सोप्या भाषेतच सांगतो. जाड प्लेटा जोडताना मध्ये फट ठेवतात, म्हणजे वेल्ड तळापर्यंत पोचतो. पण वितळलेला धातू खाली गळेल ना? म्हणून खालून आधार देतात, तेच बॅकिंग. स्टीलची पट्टी स्वस्त आणि सोपी, पण ती वेल्डला कायमची चिकटते. तांबं उष्णता झटकन ओढून घेतं, म्हणून चिकटत नाही आणि परत वापरता येतं. पण चुकून वेल्डमध्ये मिसळलं तर चिरा पडायची भीती. सिरॅमिकचे तुकडे चिकटपट्टीने लावायचे आणि काम झालं की काढून टाकायचे.

त्या इमारतींत स्टीलची पट्टी होती, आणि ती तशीच ठेवायची पद्धत होती. पट्टीची कड आणि कॉलम यांच्यामध्ये न जुळलेली बारीक फट राहायची, म्हणजे आयती चीरच. बीमच्या खालच्या फ्लॅंजला वेल्डर वरून वेल्ड करायचा. बीमचा उभा पत्रा मध्ये यायचा, हात थांबायचा आणि दोष नेमके मुळाशी राहायचे. पट्टीमुळे अल्ट्रासॉनिक तपासणीतही ते ओळखणं अवघड. त्यात वेल्डचा धातूही ठिसूळ. म्हणजे दोष एकट्या पट्टीचा नव्हता, पण चीर बहुतेकदा तिथूनच सुरू झाली.

बरोबर एका वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, जपानमध्ये कोबेला भूकंप झाला. ६,००० हून जास्त माणसं गेली, बरीचशी जुन्या लाकडी घरांखाली. पण तिथल्या आधुनिक स्टीलच्या इमारतींतही बीमच्या टोकाचे सांधे तुटलेले सापडले.

अमेरिकेत संशोधन झालं आणि २००० साली फेमाच्या नव्या शिफारशी आल्या. खालच्या फ्लॅंजची पट्टी काढा, वेल्डचं मूळ खरवडून साफ करा, डोळ्यांनी बघा आणि खालून आणखी एक वेल्ड मारा. वरची पट्टी ठेवायची असेल तर ती कॉलमला वेल्डने जोडा. आणि वेल्डचा धातू चिवट वापरा.

हे वाचताना मला माझाच कोड आठवला. ‘तात्पुरतं आहे, नंतर काढू’ असं लिहून सोडलेल्या एका ओळीने गेल्या वर्षी रात्री २ वाजता आमची अख्खी टीम उठवली होती. आमची फक्त झोप गेली. त्या इमारतींत माणसं कामाला येणार होती. भूकंप पहाटे झाला आणि इमारती तगल्या, हे नशीब.

तुमच्या ओळखीत कुणी फॅब्रिकेशनवाले काका असतील तर त्यांना विचारा: पट्टी ठेवता की काढता? उत्तर मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!