मागे किती?

"मागे किती मारू?" पेट्रोल पंपावरचा हवावाला दर वेळी विचारतो. आपण सवयीने "बत्तीस" म्हणतो आणि निघतो. कॉलेजात असताना मी या प्रश्नाचं भलतंच उत्तर शोधलं होतं. ती गोष्ट सांगतो, पण सुरुवात जरा लांबून, थेट १८४५ पासून.

त्या वर्षी रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. वय वर्षं तेवीस! आत रबर लावलेल्या कॅनव्हासची नळी, वरून चामडं. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात घोडागाड्यांना ही चाकं लावून दाखवलीसुद्धा. पण गिऱ्हाईकच नाही. प्रॉडक्ट तयार, मार्केट गायब.. हे दुःख आमच्या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको :)

पुढे १८८८ साली बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली. दगडी रस्त्यांवर पोराला हादरे बसू नयेत, एवढंच डोक्यात होतं. पेटंट मिळालं, आणि दोन वर्षांनी थॉमसनमुळे ते बाद झालं. पण तोपर्यंत १८८९ मध्ये विल्यम ह्यूमने हवेच्या टायरवर बेलफास्टच्या सायकल शर्यती जिंकून दाखवल्या होत्या. म्हणजे हवा आली आरामासाठी, टिकली वेगासाठी. आजही चेनकव्हरवर छापलेला आकडा याच हिशोबातून येतो : वजन किती, वेग किती, टायर तापणार किती.

स्टंटवाल्यांचा प्रश्न मात्र वेगळाच. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो धरा. व्हीलीत हे सगळं वजन मागच्या चाकावर. ३० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण २.१ किलो. भागाकार करा : टायर रस्त्याला टेकतो जेमतेम ९५ चौ. सेंमी., पत्त्याच्या दोन पानांपेक्षाही कमी. हवा १५ वर आणा, तेच १९० होतं. (टायरची बाजूची भिंतही थोडं वजन पेलते, त्यामुळे हिशोब ढोबळ आहे.) टेकायला जागा जास्त, म्हणून हळू व्हीलीत गाडी डावी-उजवीकडे कमी डुलते आणि चाक चेंडूसारखं उडत नाही. म्हणून हळू करामतींना हवा कमी.

मग शून्याकडेच का नेत नाहीत? कारण भिंत प्रत्येक फेरीत दुमडते आणि दुमडली की तापते. डग डोमोकोस या अमेरिकन 'व्हीली किंग'ने १९८४ साली टॅलाडेगाच्या ट्रॅकवर १४५ मैल, म्हणजे २३३ किलोमीटर, पुढचं चाक खाली न टेकवता गाडी चालवली. थांबला तो पेट्रोल संपलं म्हणून! १९९१ मध्ये जपानच्या यासुयुकी कुदोने ३३१ किलोमीटर केले. एवढं अंतर एका टायरवर काढायचं तर तो तापून चालत नाही. थोडक्यात काय, योग्य आकडा असा एक नसतोच. कशासाठी, ते आधी ठरवायचं.

नेमकं हेच मला २००४ मध्ये कळलं नव्हतं.

सेकंडहँड टू-स्ट्रोक गाडी, ट्यूबवाला टायर, हॉस्टेलमागचं मोकळं मैदान. रविवारी मागची हवा पंधरापर्यंत सोडायची आणि व्हीलीची प्रॅक्टिस. आणि काय सांगू, जमायला लागलं होतं! त्या संध्याकाळी धाकट्या भावाला स्वारगेटला सोडायचं होतं. उशीर झालेला. हवा भरायची राहिली. डबलसीट, वर त्याची सॅक, आणि हायवे. पंधरा पीएसआयमध्ये टायर रिमवर हळूहळू सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. तो मुळापासून फाटला. क्षणात हवा गेली, मागचं चाक शेपटीसारखं हललं आणि आम्ही दोघं रस्त्यावर.

मागून येणारा ट्रक थांबला, म्हणून हे लिहितोय. मला खरचटलं. भावाचं मनगट मोडलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याची बारावीची परीक्षा होती. पेपर त्याने लेखनिक घेऊन दिले. घरी आम्ही "खड्डा होता" असं सांगितलं. आई हा ब्लॉग वाचत नाही, अशी आशा आहे.

डनलॉपने हवा भरली ती मागे लागलेल्या पोरासाठी. मी ती काढली स्वतःसाठी, आणि मागे बसवलं भावाला.

आता घरात फूटपंप आहे, गेज आहे. तरी भाऊ सुट्टीत आला आणि आम्ही पंपावर थांबलो, की हवावाल्याला उत्तर मी देत नाही. मागून तोच म्हणतो, "बत्तीस. आणि दादा, तू स्वतः बघ रे."

मी उतरून बघतो.