मकरपुऱ्याची अक्षरे

संदेश वाटेत बिघडला की दोष तारेला द्यावा, ही रीत जुनी आहे. संगणकांच्या आरंभीच्या जाळ्यांत मात्र पुष्कळदा तार निर्दोष असे आणि दोष नियमात असे. १९८२ साली अमेरिकेत ठरलेल्या टपालनियमाने प्रत्येक अक्षरास सातच द्विमान अंक दिले. आठवा अंक कित्येक यंत्रे गाळून टाकीत. इंग्रजीस तेवढे पुरे होते. परंतु १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या ‘इस्की’ संकेतात देवनागरीची सारी वस्ती त्या आठव्या अंकाच्या आधारावर होती. तेथे ‘क’चा क्रमांक १७९, आठवा अंक गळला की १२८ वजा होऊन ५१ उरत, म्हणजे रोमन लिपीतला तीनचा आकडा! पुण्याहून बडोद्याच्या मकरपुऱ्यास मराठी मजकूर धाडला, तर ‘मकर’चे ‘एल, तीन, ओ’ व्हावे. पुन्हा धाडला तरी तेच. तारेतील खरखर दर वेळी निराळी चूक करते. ही चूक नेमाने होई, आणि त्या नेमातच निदान होते.

उपाय १९८० पासून युनिक्स यंत्रांवर होता: तीन अक्षरांची, सात अंकांत मावतील अशी चार चिन्हे करून धाडावीत, पलीकडे उलगडावीत. १९९२ च्या ‘माइम’ नियमांनी अशीच युक्ती टपालात रूढ केली. मजकूर तृतीयांशाने लांबला. मराठी मात्र अभंग पोहोचू लागली.