प्लास्टिकचा डबा आणि पुण्याची रेल्वे

गेल्या महिन्यात मी घरी एका छोट्या कंट्रोलर बोर्डासाठी थ्रीडी प्रिंटरवर डबा बनवला. दिसायला एकदम भारी. बोर्ड चालू केला आणि शेजारी आईचा रेडिओ खरखरायला लागला. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे दोन तास कोडच तपासत बसलो. कोड बरोबर होता. डबा प्लास्टिकचा होता, एवढंच.

सर्किटमध्ये करंट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि त्यातून रेडिओ लहरी बाहेर पडतात. धातूचा बंद डबा त्यांना अडवतो. १८३६ मध्येच मायकेल फॅरडेने धातूने मढवलेली खोली बांधून दाखवलं होतं, की बाहेर कितीही वीज कडाडली तरी आत पत्ता लागत नाही. प्लास्टिक मात्र लहरींना सरळ वाट देतं.

याची किंमत मोजली टीआरएस-८० ने. टँडी कंपनीचा हा घरगुती कॉम्प्युटर १९७७ मध्ये आला, प्लास्टिकच्या खोक्यात. शेजारी एएम रेडिओ ठेवला की त्याची खरखर ऐकू यायची. मशीनमध्ये आवाजाची सोय नव्हती, तर लोकांनी त्या खरखरीतूनच गेमचे आवाज काढले! जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. पण अमेरिकेत नियम कडक झाले आणि १९८१ च्या सुरुवातीला ते मॉडेल बंद करावं लागलं.

धातूकडे परत जायला कंपन्या तयार नव्हत्या. जड आणि महाग. मग खोक्याला आतून निकेलचा रंग द्यायचा, किंवा प्लास्टिकमध्येच कार्बनचे वा स्टीलचे बारीक तंतू मिसळायचे, असे उपाय आले. तंतू एकमेकांना टेकतात आणि आतल्या आत जाळं तयार होतं. गंमत म्हणजे त्याच १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी आयोडीन वापरून प्लास्टिकमधूनच वीज खेळवली. २००० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ते प्लास्टिक हवेत खराब होतं, म्हणून डब्यांचं काम बहुतेक मिसळलेल्या तंतूंवरच चालतं.

आता जाळ्याला भोकं असणारच. मग लहर सुटत कशी नाही? उत्तर आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावर आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि त्यांचा पृष्ठभाग म्हणजे स्टीलच्या तारांची जाळी! भोकं एक-दोन सेंटिमीटरची, लहरी २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब. लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच.

या डिश इतके क्षीण संकेत ऐकतात, की तिथली स्वतःची इलेक्ट्रॉनिक्ससुद्धा फॅरडेसारख्या बंद खोलीत ठेवावी लागते. आणि इथेच आपली रेल्वे अडकली. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड गाडीचा मूळ मार्ग याच भागातून होता. डबे कितीही झाका हो, वरची तार उघडीच, आणि तिथे ठिणग्या उडतात. दुर्बिणीला अडथळा नको म्हणून रेल्वेने मार्ग शिर्डीकडून वळवायचं ठरवलं. संगमनेर, जुन्नरकडचे लोक चिडले. मला विचाराल तर दुर्बिणीचं म्हणणं पटतं, पण दर वेळी बसमध्ये पाच-सहा तास काढताना ते पटवून घेणं जड जातं.

माझ्या डब्याला आतून तांब्याची टेप लावली. सांध्यापाशी फट राहिली होती, तिथून खरखर येतच होती. तीही बुजवली, तेव्हा कुठे आईचा रेडिओ नीट वाजला.