दिवाणखान्यातला मायक्रोस्कोप

"करिअर मध्येच सोडलं तर परत येता येतं का?" हा प्रश्न तुमच्याकडून सारखा येतो. सल्ला द्यायला मी कोण? पण एक गोष्ट सांगतो. एरिक बेट्झिगची.

जन्म १९६०, अमेरिकेतलं अ‍ॅन आर्बर. कॅलटेकमध्ये फिजिक्स, कॉर्नेलमध्ये पीएचडी आणि १९८८ मध्ये थेट बेल लॅब्ज. ट्रान्झिस्टर जिथे जन्मला, ती जागा. आणखी काय हवं?

त्याला छळणारा प्रश्न मात्र १८७३ सालचा होता. जर्मनीतला एर्न्स्ट आबे तेव्हा सांगून गेला होता, की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा जवळ असलेले दोन ठिपके मायक्रोस्कोपमधून वेगळे दिसणार नाहीत. म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटर. भिंग कितीही भारी आणा, पेशीतली प्रथिनं दिसणार एका धूसर डागासारखी.

बेल लॅब्जमध्ये एरिकनं अतिसूक्ष्म छिद्रातून प्रकाश सोडून ही मर्यादा ओलांडली. नाव झालं. पण छिद्र नमुन्याला जवळजवळ चिकटवावं लागायचं, त्यामुळे दिसायचा फक्त पृष्ठभाग. जिवंत पेशीच्या आत काय चाललंय, ते नाहीच. तो वैतागला आणि १९९४ मध्ये चक्क राजीनामा दिला.

घरी बसल्यावर डोक्यात एक कल्पना आली. समजा, रात्रीच्या स्टेडियममध्ये सगळ्यांनी मोबाइलचे टॉर्च लावलेत. लांबून काय दिसेल? नुसता उजेडाचा पट्टा. पण एका वेळी चार-पाचच टॉर्च लागले, तेही एकमेकांपासून लांब, तर? प्रत्येक उजेडाचा मध्यबिंदू नेमका सापडतो. असे हजारो फोटो काढा, बिंदू एकावर एक मांडा. झालं चित्र! १९९५ मध्ये त्यानं यावर जेमतेम तीन पानांचा पेपर लिहिला. अडचण एवढीच, की रेणूंचे टॉर्च हवे तसे लावायचे-विझवायचे कसे, हे त्याच्याकडे नव्हतं.

मग तो वडिलांच्या मशीन टूल कंपनीत गेला. तिथे हायड्रॉलिक्सवर चालणारं एक जबरदस्त यंत्र बनवलं. लाखो डॉलर घातले. विकली गेली किती? दोन. मला हा भाग नोबेलपेक्षा जास्त आवडतो, खरं सांगतो.

२००२ मध्ये तेही सोडलं. चाळिशी उलटलेली, विज्ञानापासून तुटून कित्येक वर्षं झालेली. बेल लॅब्जमधला जुना मित्र हॅराल्ड हेस भेटला. २००५ मध्ये फ्लोरिडात दोघांना कळलं, की प्रकाशाच्या झोतानं 'चालू' करता येणारी प्रथिनं आता तयार आहेत. जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ आणि जॉर्ज पॅटरसन यांनी ती २००२ मध्येच बनवली होती. टॉर्चचं बटण सापडलं!

लॅब नव्हती. मग काय, कॅलिफोर्नियात ला होयाला, हॅराल्डच्या घरातल्या दिवाणखान्यात मायक्रोस्कोप जोडला. तो उचलून बेथेस्डाला लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या लॅबमध्ये नेला आणि तिथल्या अंधाऱ्या खोलीत प्रयोग केले. २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये पेपर आला. त्याच वर्षी हार्वर्डच्या शियाओवेई झुआंग यांनीही अशीच पद्धत मांडली, हेही सांगायला हवं.

२०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना मिळालं. फिजिक्सवाल्याला केमिस्ट्रीचं! एक नोबेल जास्तीत जास्त तिघांनाच देता येतं. हॅराल्ड त्यात नव्हता. दिवाणखाना त्याचा होता, हे मला अजून खटकतं. तुम्हाला काय वाटतं, व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!