मुंबईचा शेअरसट्टा (१८६१–१८६५) : ‘बुडणे’ आणि ‘बुडवणे’

आर्थिक इतिहास हा प्रस्तुत लेखकाच्या अभ्यासाचा विषय नव्हे. भाषाविज्ञानाच्या वाटेने जाताना तो या विषयापाशी येऊन पोहोचला, तो एका साध्या क्रियापदामुळे. शेअरबाजारात मोठी मंदी आली की मराठी माणूस ‘माझे पैसे बुडाले’ असे म्हणतो. ‘बुडणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. या वाक्यात पैसे हाच कर्ता. ज्याने ते गुंतवले, ज्याने उसने दिले, ज्याने सल्ला दिला, त्यांपैकी कोणालाही वाक्यात जागा नाही. तीच गोष्ट ‘बुडवणे’ या प्रयोजक रूपात सांगू लागताच ‘कोणी बुडवले?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला उत्तर द्यावे लागते. मंदीपासून गुंतवणूकदार काही शिकतो की नाही, हा प्रश्न पुष्कळ अंशी या दोन क्रियापदांमधील अंतराचा आहे असे आम्हांस वाटते. त्याची तपासणी करण्यास मुंबईतील १८६५ च्या आपत्तीइतके सोयीचे दुसरे प्रकरण आपल्याकडे नाही.

प्रकरणाची बाह्यरेषा सर्वपरिचित असल्याने ती थोडक्यात सांगतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. गिरणीमालकांची दृष्टी खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाकडे वळली आणि भाव कित्येक पटींनी चढले. लोकांनी गाद्या उसवून त्यांतला कापूसही विकला अशी आख्यायिका आहे. नेहमीच्या रास्त किमतीहून अधिक असे सुमारे ८ कोटी १० लाख पौंड या काळात मुंबईस मिळाले, असा समकालीन अंदाज आहे. एवढा पैसा एका शहरात साठला; पण तो घालायचा कोठे? गिरण्या थोड्या होत्या, आणि युद्ध चालू असेतो कापूस कातण्यापेक्षा जहाजात चढवणेच फायद्याचे होते. मग कंपन्या निघू लागल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या ८ कंपन्या असल्याची नोंद आढळते. बॅक बे भरणी कंपनीचा, ५,००० रुपये भरलेला शेअर सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत चढला.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. युद्ध संपत आले, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ या दिवशी बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बेच्या ज्या शेअरचा भाव २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांवर आला.

येथवरची हकीकत ‘बुडाले’ या क्रियापदात सहज सामावते : युद्ध आले, पैसा आला, युद्ध गेले, पैसा गेला. परंतु भाव उतरणे आणि माणूस धुळीस मिळणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिलीचे कारण अमेरिकेत होते. दुसरीचे मुंबईत, करारांच्या कागदांवर होते. हा भेद नीट कळावा म्हणून १ जुलै हीच तारीख का, हे पाहिले पाहिजे. त्या दिवशी कोणतीही लढाई हरली वा जिंकली गेली नव्हती. तो वायद्यांच्या मुदतीचा दिवस होता. अमुक शेअर अमुक भावाने त्या तारखेस घेईन, असे शेकडो सौदे आधीच्या महिन्यांत झालेले होते. ‘वायदा’ या अरबीतून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ वचन. एकाने दुसऱ्यास वचन दिले, दुसऱ्याने त्याच्या भरवशावर तिसऱ्यास. भाव चढता असेपर्यंत वचन पाळण्यास पैसा लागत नव्हता, कारण प्रत्येक जण पुढच्याकडून फरक घेऊन मोकळा होई. भाव उलटताच साखळीतील एक दुवा निखळला, आणि सर्वांची मुदत एकाच दिवशी असल्यामुळे बाकीच्यांस सावरण्यास वेळ उरला नाही. भाव मोकळा होता, देणे मात्र बांधलेले होते.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म, आणि भाषेच्या अभ्यासकास अधिक जवळची. मराठीत ‘भाग’, ‘हिस्सा’ हे शब्द होते. पेढीचा भागीदार म्हणजे नफ्याबरोबर देण्याचाही वाटेकरी, हे व्यापाऱ्याच्या पोरासही ठाऊक होते. बाजारात रुळला तो मात्र ‘शेअर’, आणि तो एखाद्या वस्तूप्रमाणे हातोहात फिरू लागला. मर्यादित जबाबदारीचे तत्त्व हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने आले आणि १८६० मध्ये बँकांना लागू झाले. म्हणजे सट्ट्याच्या वेळी ते जेमतेम पाच-सात वर्षांचे होते. ‘मर्यादित’ याचा अर्थ ‘शून्य’ असा अनेकांनी घेतला असावा. वस्तुतः अनेक शेअर अर्धवट भरलेले होते. उदाहरणादाखल, १०,००० रुपयांचा, पैकी ५,००० भरलेला शेअर कोणी २५,००० ला घेतला असे समजू. त्याच्या मनातील हिशेबात २५,००० ची मिळकत आहे. कागदावर मात्र उरलेल्या ५,००० चे देणेही आहे, आणि कंपनी ते केव्हाही मागू शकते; बहुधा नेमक्या अडचणीच्या वेळी मागते. मिळकत आणि कर्ज एकाच कागदाच्या दोन बाजू होत्या. बाजाराने एकच बाजू वाचली.

तिसरा घटक म्हणजे उसना पैसा. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेस १८६३ च्या कायद्याने नवी सनद मिळाली, आणि तिच्यात सार्वजनिक कंपन्यांचे शेअर तारण घेऊन कर्जे देण्यास वाव ठेवण्यात आला. शेअर तारण ठेवायचा, मिळालेल्या पैशांतून आणखी शेअर घ्यायचे, तेही तारण ठेवायचे. तारणाची किंमत आणि कर्ज यांचा आधार एकच, तो म्हणजे चढता भाव. या बँकेत मुंबई सरकारचे भाग होते आणि सरकारचे संचालकही होते, हे येथे विसरून चालणार नाही. १८६८ मध्ये बँक गुंडाळण्यात आली.

त्यानंतर जे घडले ते आमच्या मते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला आणि १८६९ मध्ये त्याने आपला अहवाल दिला. असामान्य काळ हे कारण त्याने नाकारले नाही. पण तेथेच तो थांबला नाही. १८६३ च्या कायद्यातील ढिलाई, चिटणिसांचा गैरव्यवहार, संचालकांची बेपर्वाई, प्रेमचंद रायचंद यांचे बँकेवरील वजन, अशी कारणे त्याने एकेक करून मांडली. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर ‘बँक बुडाली’ हे वाक्य त्याने ‘बँक बुडवली’ असे फिरवले आणि कर्त्यांची नावे भरली. हा धडा कोठे मुरला असेल तर तो कायद्यात : १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने अशा बँकांच्या कर्जव्यवहारावर कडक बंधने घातली. दलालांची संघटना १८७५ मध्ये उभी राहिली.

व्यक्तींच्या बाबतीत असे क्वचितच घडते. जमशेटजी टाटा त्या वेळी हिंदी बँक काढण्याच्या हेतूने लंडनला गेले होते. त्यांच्याजवळचे रोखे रद्दी झाले. त्यांनी धनकोंपुढे हिशेब उघडा केला, आणि धनकोंनी पेढीचा व्यवहार मिटवण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. हा अपवाद. सामान्यतः मनुष्य स्वतःच्या आयोगापुढे स्वतः उभा राहत नाही. प्रस्तुत लेखकाने जानेवारी २००८ मध्ये, बाजार शिखरावर असताना, एका मित्राकडून रक्कम उसनी घेऊन एका कंपनीचे शेअर घेतले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत त्यांची किंमत एक-तृतीयांशही उरली नाही. मित्रास पैसे हवे झाल्यामुळे ते त्याच भावाने विकावे लागले. अमेरिकेतील बँकांच्या घोटाळ्यात माझे पैसे बुडाले, असे पुढे कित्येक वर्षे मी सांगत असे. भाव अमेरिकेमुळे उतरला हे खरे; पण विकण्याची तारीख ठरली ती माझ्या उसनवारीमुळे. १८६५ ची कागदपत्रे वाचू लागल्यावरच ही गोष्ट माझ्या ध्यानात आली, हे कबूल केले पाहिजे.

मंदीत धीर धरावा, बाजार पुन्हा वर येतोच, असा उपदेश हल्ली सर्रास केला जातो. १९९२, २००८ आणि २०२० या वर्षांच्या पडझडीनंतर निर्देशांक वर आला, हे त्याच्या पुष्ट्यर्थ सांगतात. १८६५ चा इतिहास या उपदेशाला एक मर्यादा घालतो. बॅक बे कंपनीचा शेअर ज्याने धीराने जपून ठेवला त्याच्या हाती काय आले? कंपनीच संपली, जमीन सरकारकडे गेली आणि तिच्यावरून रेल्वे धावू लागली. त्या काळच्या बहुसंख्य वित्तसंस्थांची हीच गत झाली. सेन्सेक्स ३० कंपन्यांचा असतो, पण त्याच ३० कंपन्यांचा राहत नाही. दुबळ्या वगळून नव्या घेतल्या जातात. निर्देशांकाचा इतिहास अशा रीतीने तगलेल्यांचा इतिहास होतो. धीर धरावा की नाही हे शेअरच्या मागे काही कमाई उभी आहे काय, आणि धीर धरण्याची मुभा आपल्या देण्यांनी आपणांस ठेवली आहे काय, यावर अवलंबून असते. १८६५ मध्ये बहुतेकांपाशी यांपैकी काहीच नव्हते. धैर्य नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही.

संस्थांची स्मृतीही फार दीर्घ नसते, याचा एक दाखला देतो. सौदा पुढील मुदतीवर ढकलण्याची ‘बदला’ नावाची पद्धत मुंबईच्या बाजारात दीर्घकाळ चालू होती. ती बंद झाली २ जुलै २००१ या दिवशी, तीही त्या वर्षीच्या पडझडीनंतर. मधल्या १३६ वर्षांत पैज कोणती आणि वायदा कोणता, या प्रश्नाचा काथ्याकूट न्यायालयांत होत राहिला. पैजेच्या करारांविषयीचा मुंबईचा कायदा १८६५ चाच आहे.

या सर्व व्यवहाराची मराठी परिभाषा कशी घडली, याचा शोध अद्याप व्हावयाचा आहे. ‘तेजी’ फारसीतून आली, ‘मंदी’ संस्कृत ‘मंद’वरून. ‘दिवाळे’ शब्दाची व्युत्पत्ती विवाद्य असली तरी, देणे न फिटणारा व्यापारी दुकानात भरदिवसा दिवा लावून ठेवी या चालीशी तिचा संबंध जोडला जातो. म्हणजे हा शब्द तरी कर्त्याला उजेडात बसवणारा आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, सट्ट्यापूर्वीची. तिच्यातील व्यापारविषयक शब्द एका बाजूस मांडून, ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘इंदुप्रकाश’ यांच्या १८६४ ते १८६६ च्या अंकांतील शब्द दुसऱ्या बाजूस मांडता येतील. त्या अंकांत पैसे किती वेळा ‘बुडाले’ आणि किती वेळा ‘बुडवले’, याची मोजदाद आमच्या विभागातील कोणी विद्यार्थी हाती घेईल तर ती या लेखाहून अधिक उपयोगाची ठरेल.