पहिल्या वाढदिवसानंतर कार्ड कपाटात नको!

प्रतिनिधी

बाळाचे पहिले वर्ष बहुतेक घरांत काटेकोरपणे जपले जाते. वजन, लशी, वरचे अन्न या सर्वांची नोंद ठेवली जाते. पहिला वाढदिवस थाटात पार पडला की मात्र लसीकरणाचे कार्ड कपाटात जाते आणि डॉक्टरांची भेट ताप-खोकल्यापुरती उरते. वास्तविक चालणे, बोलणे, जेवणाच्या सवयी आणि इतरांत मिसळणे या गोष्टींचा पाया एक ते पाच या वर्षांतच घातला जातो. या काळात राहिलेली उणीव वरवर दिसत नाही, हीच खरी अडचण आहे.

भूक का मंदावते?

जन्माच्या वेळी सुमारे तीन किलो वजनाचे बाळ वर्षाच्या आत साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. हे नैसर्गिक आहे. पालकांना मात्र ‘हा काही खातच नाही’ अशी चिंता लागते. मग ताटली घेऊन मुलाच्या मागे धावणे, मोबाईल दाखवून भरवणे आणि शेवटी ‘निदान दूध तरी पोटात जाऊ दे’ म्हणून बाटली पुढे करणे, असा क्रम सुरू होतो.

गायी-म्हशीच्या दुधात लोह अत्यल्प असते. दुधाने पोट भरले की पोळी-भाजी, वरण-भात यांना जागा उरत नाही. त्यामुळे अंगाने गुटगुटीत दिसणाऱ्या मुलालाही रक्तक्षय असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील रक्तक्षयग्रस्त बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होते; २०१९-२१ च्या फेरीत ते ६८.९ टक्क्यांवर गेले. लोह मेंदूच्या वाढीसाठीही आवश्यक असते. उपचारांनी रक्तातील कमतरता दूर होते. पण या वयात मेंदूच्या वाढीत पडलेली तूट पूर्णपणे भरून निघेलच, असे नाही.

म्हणून वर्षानंतर दूध दिवसाला दोन कपांपेक्षा अधिक नसावे. मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, अंडी, मांसाहारी घरांत मासे किंवा मटण यांचा आहारात समावेश असावा. लिंबू, आवळा, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह शोषले जाते. चहामुळे त्यात अडथळा येतो. शेंगदाणे, फुटाणे मात्र या वयात अख्खे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात या वयातील बालकांसाठी आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहयुक्त सिरपची तरतूद आहे. डोस डॉक्टर वा आरोग्यसेविकेच्या सल्ल्यानेच द्यावा.

राहून जाणाऱ्या लशी

राष्ट्रीय वेळापत्रकानुसार १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेला लशीचा दुसरा डोस आणि त्रिगुणी व पोलिओ लशींचे बूस्टर द्यायचे असतात. त्रिगुणीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान असतो. ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी घ्यायचे असतात. वर्षभरानंतर जंतनाशक औषधही दर सहा महिन्यांनी द्यावे.

शब्द गप्पांतून येतात

मूल भाषा शिकते ते समोरच्या माणसाशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून. पडदा बोलतो, पण मुलाचे ऐकून उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांत तो दिवसाला एक तासाहून अधिक नसावा. याच वयात दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी. एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, तर तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. भाजी निवडताना, कपडे घडी करताना मुलाशी केलेल्या गप्पा हाच या वयातील उत्तम अभ्यास होय.

बालवाडीची निवडही याच कसोटीवर करावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी फुलवली, ती परिसरातील वस्तू, गाणी, गोष्टी आणि खेळ यांच्या आधारावर. तिसऱ्या वर्षी अक्षरे गिरवून घेणाऱ्या आणि गृहपाठ देणाऱ्या वर्गापेक्षा माती, पाणी, ठोकळे आणि मोकळी जागा देणारा वर्ग मुलासाठी हिताचा असतो.

या बाबतीत वाट पाहू नये

- दीड वर्षानंतरही मूल आधाराशिवाय चालत नाही.
- दीड वर्षाचे होऊनही हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही.
- नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही.
- दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडून बोलत नाही.
- येत असलेले शब्द किंवा हालचाली कोणत्याही वयात विसरू लागते.

‘याचा बापही उशिराच बोलला होता’ हे घरातील वडीलधाऱ्यांचे आश्वासन प्रेमाचे असले, तरी ते तपासणीची जागा घेऊ शकत नाही. बोलण्यास उशीर होत असल्यास प्रथम श्रवणचाचणी करावी. ऐकू कमी येत असेल, तर ते जितके लवकर कळेल तितका उपचारांचा उपयोग अधिक होतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि गरजू मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. खासगी बालवाडीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही तपासणी स्वतः बालरोगतज्ज्ञांकडे करून घ्यावी.

दर सहा महिन्यांनी वजन व उंची यांची नोंद, उरलेल्या लशी आणि मूल काय बोलते, कसे खेळते याविषयी डॉक्टरांशी दहा मिनिटे चर्चा, एवढे पाचव्या वाढदिवसापर्यंत पाळणे कोणत्याही घराला अवघड नाही.