एलायझा, पॅरी आणि तारेच्या पलीकडचं माणूस

नेटवर्किंगवाल्यांनी कधी ना कधी आरएफसी वाचलेली असते. म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात लिहून ठेवलेत ती नंबर दिलेली टिपणं. अत्यंत रुक्ष प्रकार! पण त्यातली ४३९ नंबरची, जानेवारी १९७३ ची, व्हिंट सर्फने नोंदवलेली आरएफसी जरा वेगळी आहे. तिच्यात प्रोटोकॉल वगैरे काही नाही. आहे तो एक डॉक्टर आणि एक मनोरुग्ण यांच्यातला संवाद. आणि गंमत म्हणजे दोघेही प्रोग्राम!

यातली डॉक्टर म्हणजे एलायझाची एक आवृत्ती. मूळ एलायझा एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउमची, १९६६ ची. नाव शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या नायिकेचं, म्हणजे आपल्या पुलंच्या 'ती फुलराणी'तली मंजुळाच की! तुम्ही आईबद्दल काही टाइप केलंत की ही म्हणणार, घरच्यांबद्दल अजून सांगा. वाक्यातला शब्द पकडायचा, साच्यात घालायचा, परत फेकायचा. बस्स. कळत काहीच नाही. तरीही वायझेनबाउमची सेक्रेटरी, जिने हे काम कित्येक महिने डोळ्यांसमोर पाहिलं होतं, ती एलायझाशी बोलायला बसली आणि दोन-चार वाक्यांतच त्याला म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का?

वायझेनबाउम हादरला. स्टॅनफर्डच्या केनेथ कोल्बीला मात्र अशा प्रोग्राममध्ये आशा दिसत होती. कोल्बी स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. १९६६ मध्येच त्याने सहकाऱ्यांबरोबर लिहिलं की थेरपिस्ट अपुरे आहेत, आणि एक कॉम्प्युटर तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल. बोलायला कुणीच नसण्यापेक्षा यंत्र काय वाईट, असा हिशोब. तो अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

१९७२ चा पॅरी हा या कोल्बीचाच. संशयाने पछाडलेल्या रुग्णाची नक्कल. वय २८, अविवाहित, पोस्टात कारकून, एकटा राहणारा, घोड्यांच्या शर्यतींचा नाद, आणि माफिया आपल्या मागावर आहेत ही पक्की खात्री. आत भीती, राग, अविश्वास यांचे आकडे, समोरच्याच्या वाक्यागणिक वर-खाली होणारे. खऱ्या रुग्णांचे आणि पॅरीचे छापील संवाद मानसोपचारतज्ज्ञांपुढे ठेवले, तर त्यांचे अंदाज नाणेफेकीइतकेच बरोबर आले.

१८ सप्टेंबर १९७२ ला हे दोघे अर्पानेटवरून भेटले. पॅरी बुकींबद्दल सांगतोय, डॉक्टर त्याचेच शब्द त्याला परत करतेय, आणि शेवटी ३९९ डॉलरचं बिल! हसू येतं. पण दुसऱ्यांदा वाचताना मला पॅरीच्या माहितीतलं 'एकटा राहणारा' हे टोचलं. राग मोजला, भीती मोजली, एकटेपणा मात्र नुसता बायोडेटात. 'देवराई' पाहिलेल्यांना सांगायला नको, स्किझोफ्रेनियात गोळ्यांनी आवाज कमी होतात, पण सुटलेलं कॉलेज आणि पांगलेले मित्र गोळ्यांनी परत येत नाहीत.

वायझेनबाउमने १९७६ मध्ये 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हे पुस्तक लिहून ठणकावलं की काही कामं कॉम्प्युटरला जमली तरी त्याला देऊ नयेत. हा माणूस १९३६ मध्ये नाझी जर्मनीतून कुटुंबासह निसटलेला ज्यू. माणसाला वस्तू समजण्याचा शेवट कुठे होतो, हे त्याला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

पुढच्या काळात मला आवडलेले प्रयोग दोन. पहिला लंडनचा. २००८ मध्ये ज्युलियन लेफ यांना सुचलं की रुग्णाला जो छळणारा आवाज ऐकू येतो, त्याला स्क्रीनवर चेहरा द्यायचा. थेरपिस्ट दुसऱ्या खोलीतून त्या चेहऱ्याच्या आवाजात बोलतो, आणि रुग्ण हळूहळू त्याला उलट उत्तर द्यायला शिकतो. २०१८ मध्ये १५० जणांवरच्या चाचणीचे निकाल आले. १२ आठवड्यांनी साध्या समुपदेशनापेक्षा फरक जास्त दिसला, २४ आठवड्यांनी तो उरला नाही. इथे कॉम्प्युटर म्हणजे मुखवटा, आत माणूस.

दुसरा मेलबर्नचा, ओरिजेन संस्थेचा 'होरायझन्स'. सायकोसिसच्या पहिल्या झटक्यातून सावरलेल्या तरुणांचे उपचार संपले की पुढे कोण? म्हणून त्यांच्यासाठी एक बंद सोशल नेटवर्क. सोबत तज्ज्ञ, आणि याच आजारातून गेलेले कार्यकर्तेही. १७० जणांवरची, १८ महिन्यांची चाचणी २०२१ मध्ये छापून आली. सामाजिक वावरात नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक फरक पडला नाही. पण शिक्षण-नोकरीकडे परतणं वाढलं, आणि हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात धावणं कमी झालं. मेलबर्नमध्येच सायकोसिस असलेल्या १२ तरुणांना सहा आठवडे एक ॲप दिलं गेलं. तो अभ्यास २०२० चा, आणि त्यात चक्क एकटेपणाच मोजला होता. तो कमी झालाही. अर्थात बारा म्हणजे बाराच.

कोल्बीचा प्रश्न आजही खराच आहे, माणसं कमीच आहेत. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ वर समुपदेशक बोलतो, तोही शेवटी किती जणांना पुरणार? म्हणून चॅटबॉट नकोतच असं मी म्हणणार नाही, माझं पोट कोडवरच चालतं. पण 'एकटेपणा घालवणारं' ॲप कुणी दाखवलं की मी आधी विचारेन, ते वापरणाऱ्याच्या आठवड्यात खरी माणसं किती वाढली? हा आकडा मोजत नसाल, तर अजून पॅरीच लिहिताय, फक्त त्याचं इंग्रजी सुधारलंय.